डिस्क एक, कॉम्प्युटर अनेक

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील, परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचे गाव. येथे आमचे कापडाचे दुकान आहे. वडिलांच्या काळी दुकानाची खतावणी उर्दूत लिहिली जाई. आमचे शिक्षणही उर्दू माध्यमातूनच झाले. मुलगा मराठी शाळेत शिकला, म्हणून पुढे खतावणी मराठीत आली आणि २००४ साली वहीच्या जोडीला कॉम्प्युटर आला. लिपी बदलली, साधन बदलले, पण धंद्याचे मूळ तेच राहिले. कोणाकडे किती येणे आहे आणि कोणाचे किती जमा झाले, ही नोंद बरोबर असेल तरच दुकान चालते.

आमच्या बीड जिल्ह्यात ही नोंद जास्तच नाजूक असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जाण्यापूर्वी लेकरांचे कपडे, साडी, धोतर, सोलापुरी चादर उधारीवर नेतात आणि आल्यावर फेडतात. या व्यवहाराला दुकानाच्या वहीशिवाय दुसरा कागद नसतो. म्हणून ती वही जितकी आमची, तितकीच गिऱ्हाइकाची अमानत असते.

ही अमानत एका साध्या सीडीमुळे कशी धोक्यात आली आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

एका दुकानात दोन खतावण्या

२००४ साली घेतलेल्या आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी होते. हिशेबाचा प्रोग्रॅम एका होतकरू तरुणाने फॉक्सप्रोमध्ये बनवून दिला होता. एका सीडीत प्रोग्रॅम आणि त्याचा मराठी फॉन्ट, एवढाच सरंजाम. काही वर्षे कसलीही तक्रार आली नाही. तो तरुण पुढे नोकरीसाठी परगावी गेला आणि सीडी आमच्या गल्ल्याच्या खणात राहिली.

२०१२ साली दुसरा कॉम्प्युटर घेतला. त्यावर विंडोज ७ होते. मुलाने जुनी सीडी घातली, प्रोग्रॅम बसला, जुना हिशेब उतरवून घेतला. आम्ही निर्धास्त झालो. कॉम्प्युटरवर एक खाते आमच्या नावाचे आणि एक मुलाच्या नावाचे ठेवले. सकाळी नोंदी आम्ही करायचो, दुपारनंतर मुलगा.

पुढच्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेले एक गिऱ्हाईक दुकानात आले. मुलाने कॉम्प्युटर पाहून त्यांच्याकडे मागील बाकी मागितली. ते म्हणाले, "पैसे तर म्या भाईच्याच हातात दिले की." मुलाने पडदा त्यांच्याकडे वळवला. बाकी जशीच्या तशी दिसत होती. दुकानात चार माणसे बसलेली. ते गृहस्थ काही न बोलता उठून गेले.

संध्याकाळी आम्ही आमच्या नावाने कॉम्प्युटर उघडला, तर ती रक्कम जमा दिसत होती. नोंद आमच्याच हातची होती. पुन्हा मुलाच्या नावाने उघडला, तर बाकी उभी. एकाच दुकानात, एकाच कॉम्प्युटरमध्ये, दोन वेगळ्या खतावण्या तयार झाल्या होत्या आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने ती दिली. पैशाचे नुकसान झाले नाही, पण फेडलेल्या माणसाकडे पुन्हा मागणी करण्याची शरमिंदगी आम्ही अजून विसरलेलो नाही.

दोष कोठे होता?

जाणकारांना विचारले तेव्हा उलगडा झाला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा मुनीम. कोणाला कोठे हात लावू द्यायचा, हे तो ठरवतो. एक्सपीचा मुनीम सैल होता. आमच्यासारखे बहुतेक लोक कॉम्प्युटर पूर्ण अधिकाराने वापरत आणि प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये बसे, त्याच फोल्डरमध्ये हिशेबही लिही. २००७ साली व्हिस्टा बाजारात आले तेव्हापासून मायक्रोसॉफ्टने हा दरवाजा बंद केला. व्हायरसला आळा बसावा हा त्यामागचा हेतू. पण जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून एक पळवाट ठेवली. जुना प्रोग्रॅम त्या बंद फोल्डरमध्ये लिहू लागला की विंडोज गुपचूप त्याचे लिखाण दुसरीकडे वळवते. ही दुसरी जागा प्रत्येक वापरणाऱ्याची वेगळी असते. तिला व्हर्च्युअल स्टोअर म्हणतात. आमची नोंद आमच्या कप्प्यात, मुलाची त्याच्या कप्प्यात. चूक झाल्याचा एकही संदेश पडद्यावर येत नाही.

आम्ही सलग काही संध्याकाळी बसून दोन्ही हिशेब कागदी रोजकीर्दीशी ताडून पाहिले, एक केले आणि प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवला. त्यानंतर तो प्रकार थांबला. त्या वेळी कागदी रोजकीर्द चालू ठेवलेली होती म्हणून आम्ही वाचलो.

दुसरा धक्का पुढे बसला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि कापडावरही ५ टक्के कर आला. बिले आणि विवरणपत्रे यांसाठी २०१८ साली आम्ही तिसरा कॉम्प्युटर घेतला. त्यावर ६४ बिटचे विंडोज १० होते. जुनी सीडी घातली, तर हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असे उत्तर आले. चौदा वर्षांचा हिशेब सीडी नाकारली म्हणून अडून बसला.

डिस्क कोठे कोठे अडते?

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवली. एकच डिस्क एका कॉम्प्युटरवर चालते आणि दुसऱ्यावर अडते, याची मुख्य कारणे पाच आहेत.

पहिले कारण फाइलींची नावे. सीडीवर फाइली कशा मांडाव्यात याचा आयएसओ ९६६० हा आंतरराष्ट्रीय नियम १९८८ साली ठरला. त्याच्या सर्वांत साध्या प्रकारात नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांची शेपटी, एवढीच मुभा होती. विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टने लांब नावांसाठी जोलिएट ही जोड दिली. युनिक्स आणि लिनक्ससाठी रॉक रिज ही जोड आहे. चांगला डिस्क बनवणारा या सर्व याद्या एकाच डिस्कवर ठेवतो. माल एकच, पण त्याची यादी उर्दूत, मराठीत आणि गुजरातीत लावली, तर येणारा प्रत्येकजण आपल्या लिपीतील यादी वाचतो. तसेच हे आहे. ज्या डिस्कवर एकच यादी असते, तिच्यातील नावे दुसऱ्या सिस्टिमवर तुटकी दिसतात आणि तुटक्या नावाची फाइल प्रोग्रॅमला सापडत नाही. लिनक्समध्ये तर इंग्रजीचे मोठे आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. त्यामुळे विंडोजवर सापडणारी फाइल तेथे सापडेनाशी होते.

दुसरे कारण डिस्क आपोआप सुरू होणे. विंडोज ९५ पासून डिस्क घातली की ऑटोरन नावाची छोटी फाइल वाचून सेटअप सुरू होऊ लागले. ही सोय फक्त विंडोजची. लिनक्स किंवा ॲपल ती फाइल पाहत नाही. शिवाय याच वाटेने पेन ड्राइव्हवरचे व्हायरस पसरले, म्हणून २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केले. ज्या डिस्कचा सारा भरवसा ऑटोरनवर आहे, ती पेन ड्राइव्हवर उतरवली की मुकी होते.

तिसरे कारण प्रोग्रॅमची जात. विंडोजसाठी बनलेली ईएक्सई फाइल लिनक्सवर जशीच्या तशी चालत नाही. विंडोजमध्येही १६, ३२ आणि ६४ बिट असे भेद आहेत. ६४ बिटचे विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवत नाही. आमचे नेमके येथेच अडले. आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम ३२ बिटचा होता, म्हणजे तो चालू शकत होता. पण त्याला बसवणारे सेटअप १६ बिटचे होते. माल चांगला, पण तो उतरवणारा हमालच दारात अडला. त्या काळच्या अनेक सीडींची हीच गत आहे. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच निघाले.

चौथे कारण लिहिण्याची जागा. त्याची हकिकत वर सांगितलीच आहे.

पाचवे कारण अक्षरे. युनिकोडपूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची रचना वेगळी असे. तो फॉन्ट नसेल तर 'अहमद' आणि 'विठ्ठल' दोघांच्याही जागी निरर्थक इंग्रजी खुणा दिसतात. हिशेबाचे आकडे बरोबर, पण ते कोणाचे, हे कळत नाही.

सरकारी सीडीचा धडा

अक्षरांच्या बाबतीत एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने भारतीय भाषांसाठी मोफत सॉफ्टवेअरच्या सीडी काढल्या. एप्रिल २००५ मध्ये तमिळची आणि जून २००५ मध्ये हिंदीची सीडी निघाली. त्यानंतर मराठी आणि उर्दूसह इतर भाषांची पाळी आली. या कामात पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा मोठा वाटा होता. या सीडींत फॉन्ट, कीबोर्डचे प्रोग्रॅम, ओपनऑफिसची भारतीय भाषांतील आवृत्ती, फायरफॉक्स अशा वस्तू होत्या.

या यादीतील प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा आहे, हे व्यापाऱ्याने लक्षात घ्यावे. फॉन्टची फाइल विंडोज, लिनक्स आणि ॲपल या तिन्ही ठिकाणी तीच चालते. कीबोर्डचा प्रोग्रॅम मात्र ज्या सिस्टिमसाठी बनला, तेथेच चालतो. ओपनऑफिस आणि फायरफॉक्स यांची मूळ घडण एक असली तरी प्रत्येक सिस्टिमसाठी त्यांचा वेगळा संच तयार करावा लागतो. तागा सगळ्यांना चालतो, शिवलेला सदरा मात्र अंगाच्या मापाचा लागतो.

त्या काळची आणखी एक अडचण होती. विंडोज एक्सपीवर मराठीची जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये एक खूण करावी लागे. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या उर्दूसाठीही तीच खूण होती. ती केली की कॉम्प्युटर विंडोजची मूळ सीडी मागत असे. ज्यांच्याकडे मूळ सीडी नव्हती, त्यांची मराठी आणि उर्दू दोन्ही तेथेच खोळंबत. विंडोज ७ मध्ये ही कटकट राहिली नाही. इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींमध्ये असतो. विंडोज ८ पासून नस्तालीक वळणाचा एक उर्दू फॉन्टही सोबत येऊ लागला. म्हणून आता नवीन हिशेब ठेवताना युनिकोडखेरीज दुसऱ्या कशातही नावे लिहू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सगळीकडे चालणारी डिस्क

मग चांगली डिस्क कशी असते? तिच्यात विंडोज आणि लिनक्ससाठी वेगवेगळे फोल्डर असतात. सर्वांना लागणारे फॉन्ट आणि माहितीपत्रक एकाच सामाईक फोल्डरमध्ये असते. फाइलींची नावे छोटी, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता दिलेली असतात. सुरुवातीलाच साध्या मजकुराची एक फाइल असते. ऑटोरन सुरू झाले नाही तर काय उघडायचे, हे तीत सांगितलेले असते. सेटअप आधी सिस्टिम कोणती ते ओळखते. जमत नसेल तर अर्धवट न बसता तसे स्पष्ट सांगते. प्रोग्रॅम एका जागी आणि हिशेब दुसऱ्या जागी ठेवते. प्रोग्रॅम काढून टाकला तरी हिशेबाला हात लावत नाही.

यापुढे जाऊन स्वतःची सिस्टिम सोबत घेऊन येणारी डिस्कही असते. तिला लाइव्ह डिस्क म्हणतात. सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करण्याचा एल टोरिटो हा नियम १९९५ च्या सुमारास ठरला. त्याच्या आधारे लिनक्सच्या अशा डिस्क निघाल्या. कॉम्प्युटरचे विंडोज बिघडले, तरी लाइव्ह डिस्कने तो सुरू करून आतील फाइली पेन ड्राइव्हवर काढून घेता येतात. अशी एक डिस्क किंवा पेन ड्राइव्ह प्रत्येक बाजारपेठेत निदान एका दुकानदाराकडे असावी.

जुनी डिस्क अडली तर

आमचा चौदा वर्षांचा हिशेब शेवटी कसा सुटला, तेही सांगतो. फॉक्सप्रोचा हिशेब डीबीएफ नावाच्या फाइलींत असतो. जुन्या कॉम्प्युटरवरून त्या फाइली काढल्या आणि लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या तक्त्यात उघडल्या. आकडे लगेच दिसले. नावे मात्र निरर्थक खुणांत होती. त्या रकान्याला सीडीवरचा जुना मराठी फॉन्ट लावताच ती वाचता आली. मग मुलाने ती युनिकोडमध्ये उतरवली. प्रोग्रॅम गेला, पण हिशेब राहिला. सीडी प्रोग्रॅमसाठी नाकारली गेली होती, तरी तिच्यावरचा फॉन्टच शेवटी कामी आला. म्हणून निरुपयोगी वाटणारी जुनी सीडी फेकू नये.

जुना प्रोग्रॅमच चालवणे भाग असेल, तर आणखी दोन वाटा आहेत. डॉसचा प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये अनेकदा चालतो. विंडोजचा असेल तर नव्या कॉम्प्युटरच्या आत एक काल्पनिक जुना कॉम्प्युटर उभा करता येतो. त्यासाठी जुन्या विंडोजचा आपला स्वतःचा परवाना हवा. असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नये, कारण एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये बंद केला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे अनेक दुकानांत कॉम्प्युटर बदलण्याची वेळ पुन्हा आली आहे आणि आमच्यावर आलेला प्रसंग इतरांवरही येणार आहे.

हा प्रश्न आता केवळ सोयीचा नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे ६ वर्षे जपावा लागतो. अधिकाऱ्याने मागितला आणि आपण म्हटले की डिस्क चालत नाही, तर ती सबब ऐकली जाणार नाही.

प्रोग्रॅम घेताना काय विचारावे?

१. हा प्रोग्रॅम कोणकोणत्या सिस्टिमवर तपासला आहे, ते बिलावर लिहून घ्यावे. तोंडी भरवशावर राहू नये.

२. सेटअप आणि प्रोग्रॅम दोन्ही ६४ बिटच्या विंडोजवर चालतात का, हे स्वतंत्रपणे विचारावे.

३. हिशेब कोणत्या फोल्डरमध्ये साठतो, ते पाहून घ्यावे. दोन माणसे वापरणार असतील, तर दोघांच्या नावाने एकेक नोंद करून ती दुसऱ्याला दिसते का, हे विक्रेत्यासमोरच तपासावे. एवढी पाच मिनिटांची तपासणी आम्ही केली असती, तर ती माफी मागण्याची वेळ आली नसती.

४. सारा हिशेब साध्या तक्त्यात बाहेर काढता येतो का? येत नसेल तर तो प्रोग्रॅम कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

५. डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे आयएसओ फाइल, करून दोन ठिकाणी ठेवावी. नव्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा सीडीची खाच नसतेच. विंडोज ८ पासून अशी फाइल नुसती उघडली की डिस्क घातल्यासारखी दिसते.

६. स्वतः डिस्क बनवताना ती शेवटी बंद करावी. तसे न केल्यास दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ती रिकामी दिसू शकते. बनवल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचून पाहावी. पत्र्याच्या दुकानातील उन्हापासून आणि धुळीपासून ती दूर ठेवावी.

७. बाजारात मिळणाऱ्या, सर्व काही एकाच डिस्कमध्ये देणाऱ्या चोरट्या नकला घेऊ नयेत. त्यांत व्हायरस असू शकतो आणि अडचण आली की जाब कोणाला विचारणार? ज्याने मेहनतीने प्रोग्रॅम बनवला, त्याचा हक्कही आपण बुडवतो.

प्रोग्रॅम बनवून देणाऱ्या तरुणांनाही एक विनंती आहे. आपले गिऱ्हाईक दहा वर्षे एकच डिस्क वापरते. आपण गाव सोडून गेल्यावरही ती बोलली पाहिजे. म्हणून तिच्यावर तारीख, सिस्टिमचे नाव आणि हिशेब बाहेर काढण्याची रीत लिहून ठेवा.

आमच्या दुकानात आज बिले नव्या प्रोग्रॅमवर होतात. तरीही दर महिन्याच्या अखेरीस उधारीची यादी कागदावर छापून मुलगा आणि आम्ही दोघे तिच्यावर सही करतो. ऊसतोडीला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या खात्याची एक प्रत हातात देतो. बांधवांनो, आज दुकान बंद करण्यापूर्वी गल्ल्याचा खण उघडून आपली जुनी डिस्क बाहेर काढा. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालते का, ते पाहा. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर हे काम सोपे आहे.